गोल डोक्याचे सहा बोल्ट

माझ्या दुकानात बोल्ट किलोवर मिळतात. तशी पाटीच लावलेली आहे. घाटनांदूरला स्टेशनच्या रस्त्यावर पंचवीस वर्षं मी लोखंडी सामानाचं दुकान चालवतोय, आणि या पंचवीस वर्षांत बोल्ट नगावर घेणारं एकच गिऱ्हाईक मला भेटलं. ते म्हणजे साळवे फिटर. किलोभर बोल्ट घ्यायला माणसाला दोन मिनिटं लागतात. साळव्यांना आठ बोल्टांसाठी दीड तास लागायचा. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली आणि दुकानातला तो दीड तास तसाच मोकळा पडून आहे. त्याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये ते अठ्ठावीस वर्षं फिटर होते. निवृत्त होऊन गावी आले, घरापुढे पत्र्याचं शेड टाकलं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त करायला लागले. अंगानं किरकोळ, मिशी पांढरी, अंगात कायम कारखान्याचा खाकी शर्ट. नोकरी सुटली पण शर्ट सुटला नव्हता. शर्टाच्या खिशात इतर लोक पेन ठेवतात तिथं त्यांची बोटभर कानस असायची.

दुकानात शिरताना चपला बाहेर काढायचे. मला आधी वाटलं माझ्याविषयी आदर असेल. एकदा विचारलं तर म्हणाले, “चपलीला वाळू आसती. वाळू आट्यात गेली की नट मरतो.” मग रंगाचा रिकामा डबा उलटा करून त्यावर बसायचे आणि गोल डोक्याच्या बोल्टांचं पोतं पुढ्यात ओढायचे. एकेक बोल्ट उचलायचा. डोक्यावरून अंगठा फिरवून कुठं धार लागते का बघायची. डोक्याखालची मान चिमटीत धरून तिचे चारी कोपरे चाचपायचे. शेवटी आट्यांवर नट चढवून त्याला एका बोटानं टिचकी मारायची. नट आपल्या पायानं गुमान खाली उतरला तर बोल्ट पास. मध्येच अडला तर नापास. भसकन उतरला तरी नापासच. “लई सैल हाय. सासरी टिकायचा न्हाई,” असं म्हणून तो बाजूला ठेवायचे.

नापास बोल्टांची वेगळी रास व्हायची आणि जाताना ते मला बजावायचे, “शेठ, हे कुणाला देऊ नका बरं.” मी मान हलवायचो आणि त्यांची पाठ वळली की रास पुन्हा पोत्यात ओतायचो. शेवटी धंदा आहे. पुढच्या खेपेला ते पोत्यातून एखादा बोल्ट उचलून उजेडात धरायचे. “ह्यो मागल्या सोमवारी नापास झालता. पुन्यांदा परीक्षेला बसला का?” सगळे बोल्ट एका साच्यातून निघतात, त्यांत यांना ओळखीचा चेहरा कसा दिसायचा हे देवच जाणे. मी मात्र तेवढ्यापुरता रस्त्यावरची रहदारी बघायला लागायचो.

ज्यांना बोल्टाच्या विषयात गोडी नाही, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गोल डोक्याच्या बोल्टाचं डोकं अर्ध्या सुपारीसारखं गुळगुळीत असतं. त्याला पाना लागत नाही, पक्कड लागत नाही. म्हणून त्याची मान चौकोनी घडवलेली असते. भोकही चौकोनी पाडायचं, मान त्यात बसली की बोल्ट जागेवर फिरत नाही, आणि पलीकडून एकट्या माणसाला नट आवळता येतो. जिकडं माणूस बसतो, टेकतो, हात फिरवतो तिकडं डोकं. जिकडं कुणी फिरकत नाही तिकडं नट. शास्त्र एवढंच आहे. पण चौकोनी भोक पाडायला वेळ जातो, कानस चालवावी लागते. सहा कोपऱ्यांचा बोल्ट कुठंही ठोकता येतो आणि कुठूनही आवळता येतो, म्हणून सगळे तोच लावतात. त्याचे कोपरे कुणाच्या तरी अंगात जातात हे लावणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, कारण तो काही तिथं बसणार नसतो.

साळवे आंधळे भक्त होते असंही नाही. इंजिनाच्या बुडाला, जिथं घडीघडी आवळावं लागतं तिथं कुणी गोल डोकं मागितलं तर ते उखडायचे. “तिथं हे लावलं तर धरणार काय बे, कपाळ?”

आमच्या तालुक्याचे एक पुढारी आहेत. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी एकदा बसथांब्यावर लोखंडी पट्ट्यांचे बाक दिले. बाक शहरातून करून आणले होते आणि बसायच्या बाजूला बोल्टांची सहा कोपऱ्यांची डोकी ओळीनं उभी होती. उद्घाटनाच्या दिवशी साळवे गर्दीतून पुढं गेले आणि म्हणाले, “अण्णा, फीत कापा, पन बसू नका.” अण्णांच्या माणसांनी त्यांना हातानं मागं सारलं. फीत कापली, नारळ फुटला, अण्णा बसले, फोटो निघाला. मग अण्णा उठले, पण पायजमा थोडा मागंच राहिला. आठ दिवसांनी अण्णांचा माणूस दुकानात आला आणि गोल डोक्याचे दोन किलो बोल्ट मागायला लागला. साळवे डब्यावर बसलेलेच होते. त्यांनी त्याला दुसरा डबा उलटा करून दिला आणि म्हणाले, “किलो न्हाई. नग सांगा. बसा, शिकवतो.” तो माणूस बिचारा दुपारच्या जेवणाला मुकला.

बोल्ट सोडून ते कशावरही बोलायचे, पण माप तेच लावायचे. पुतणीसाठी स्थळ बघायला धर्मापुरीला गेले होते. मुलगा नोकरीचा, घरचं पाणी भरपूर. परत आल्यावर मी विचारलं, “कसा आहे मुलगा?”

“डोकं गोल हाय. कुणाला टोचायचा न्हाई.”

“मग झालं की!”

“पन मान चौकोनी न्हाई, शेठ. माय फिरवंल तिकडं फिरतो.” ते लग्न काही झालं नाही.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत त्यांची अख्खी गल्ली गाडीपुढं नाचत असायची. साळवे पांढरा शर्ट घालून गाडीच्या मागं चालायचे. बाबासाहेबांच्या मोठ्या फोटोची चौकट त्यांनी स्वतः बसवलेली असायची. समोरून कुणी जय भीम घातला की हेही हात जोडून जय भीम म्हणायचे, पण नजर चौकटीच्या नटावर. मी एकदा म्हटलं, “फिटर, वर्षातून एक दिवस तरी नाचा.” ते म्हणाले, “नाचणारे लई हायत.”

आता ट्रॉल्यांचं. दसरा झाला की आमच्याकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. एका ट्रॉलीत दहा-बारा बाया, पोरं, पिठाचे डबे, हंडे, कोंबड्या, कुणाची शेळी. ट्रॅक्टरच्या चालीनं कारखान्यापर्यंत दोन-दोन दिवस लागतात. सगळी मंडळी तळावर बसायची आणि तळावरच लवंडायची. साळव्यांकडं आलेल्या प्रत्येक ट्रॉलीच्या तळाला आणि फाळक्याला, म्हणजे पुढच्या-मागच्या उघडत्या बाजूला, आतून गोल डोकंच लागायचं. हा हट्ट कशासाठी, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही बोल्ट निवडता निवडता. “माझी माय जायची तोडीला. पाठीखाली बोल्ट आसायचे. पुढं ती घरात खाटंवर बी उताणी झोपली न्हाई कदी.” एवढं बोलून त्यांनी पुढचा बोल्ट उचलला. मी चहा मागवला.

ट्रॉलीचा तळ पुरा झाला की ते स्वतः आत चढायचे, आडवे व्हायचे आणि या फाळक्यापासून त्या फाळक्यापर्यंत लोळत जायचे. वय पासष्ट. मग खाली उतरून ट्रॉलीच्या मालकाला म्हणायचे, “आता तुमी.” उत्तमराव मुकादम म्हणून एक आहेत, टोळ्या जमवून कारखान्याला नेतात. पांढरे कपडे, गळ्यात साखळी, वजन नव्वदीच्या पुढं. त्यांनाही लोळावं लागलं, कारण त्याशिवाय साळवे ट्रॉली ताब्यात देत नव्हते. शेडपुढं ही गर्दी जमली. मुकादम निम्म्यात पोचले आणि “आई गं!” म्हणून थांबले. एक डोकं नखभर वर राहिलं होतं. साळवे स्वतः लोळले तेव्हा ते त्यांच्या बरगड्यांच्या मधल्या जागेतून गेलं असावं. ते शांतपणे म्हणाले, “तुमाला एकदा लागलं. बायांना दोन दिस लागलं आसतं.” त्या दिवसापासून मुकादम त्यांना लांबून नमस्कार करायचे, पण ट्रॉल्या त्यांच्याकडंच आणायचे.

इथवर सांगायला मला मजा येते. पुढचं सांगायला येत नाही, पण तेच सांगायचं आहे.

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमाराला त्यांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. “शेठ, ताप हाय, यायला जमंना. मुकादमाचा डायवर येतोय. मागल्या फाळक्याच्या बिजागऱ्या बसवायच्यात. गोल डोक्याचे सहा द्या. पाहून द्या.”

इतक्या वर्षांत त्यांनी निवडीचं काम दुसऱ्यावर टाकलं ते त्या एकाच दिवशी. जुनं पोतं संपलं होतं. नवा माल खोक्यात आला होता, चकचकीत. दुकानात गर्दी होती. ड्रायव्हर आला, मी खोक्यात हात घातला, सहा मोजले आणि कागदात गुंडाळून दिले. मोजले तेवढंच पाहिलं. साळव्यांनी संध्याकाळी तापातच उठून ते बसवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टोळी निघाली.

दहाच्या सुमाराला एक सुतार दुकानात आला आणि त्यानं काल त्याच खोक्यातून नेलेला बोल्ट माझ्यापुढं ठेवला. “शेठ, ह्यो भोकात फिरतोय.” मी बोल्टाची मान चिमटीत धरली. मान दिसायला चौकोनी होती, पण बोटांना कोपरे लागतच नव्हते. असा बोल्ट नट आवळताना थोडा धरतो आणि मग नटाबरोबर स्वतःही फिरायला लागतो. हादऱ्यांनी नट सुटू लागला की रस्त्यात कुणाला तो परत आवळता येत नाही, कारण पलीकडं धरायला नुसतं गुळगुळीत डोकं. त्या फाळक्याला बाया पाठ लावून बसलेल्या असणार. आणि केजच्या पुढं बालाघाटाचे चढ लागतात, तिथं ट्रॉलीतला सगळा भार मागं येतो.

ड्रायव्हरला फोन केला, तो उचलेना. मुकादम आदल्या रात्रीच जीपनं पुढं कारखान्याला पोचले होते. ते म्हणाले, “काय हुतंय, दोरी बांधतील की,” आणि फोन ठेवला. खरं सांगतो, त्यानंतर पाच मिनिटं मी गल्ल्यावरून उठलो नाही. काही होणार नाही असं स्वतःला समजावत होतो. मग मोटारसायकल काढली आणि साळव्यांच्या घरी गेलो.

ते खाटेवर वाकळ घेऊन पडले होते. मी बोल्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळे न उघडताच मान चाचपली आणि मग उघडले.

“माझ्या हाताला काल कळलं कसं न्हाई?”

“ताप होता फिटर तुम्हाला.”

“तापानं डोकं गरम हुतंय. बोटं काहून बधिर व्हावी?”

मला त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. उठले आणि शेडमधून एक बरणी आणली. त्यांनी पास केलेले बोल्ट तिच्यात अडीअडचणीसाठी राखलेले असत. त्यातले सहा मोजून खिशात टाकले, पाना घेतला. त्यांच्या बायको कौसाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. “आवं, आंग चटका मारतंय. कुठं निघालाव?”

“फाळक्याला बाया टेकून बसल्यात.”

कौसाबाई बाजूला झाल्या. त्यांनी मफलर आणून त्यांच्या डोक्याला बांधला आणि मला म्हणाल्या, “हळू न्या.” साळवे मागं बसल्या बसल्या म्हणाले, “जोरात घ्या.”

अंबाजोगाई गेलं, केज आलं. टपरीवर विचारलं, “दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर गेला का?” टपरीवाला म्हणाला, “सकाळपासून दुसरं काय गेलंय?” ते बरोबरच होतं. सगळा रस्ता टोळ्यांनी भरला होता. प्रत्येक ट्रॉलीच्या मागं गेलो की साळवे खांद्यावरून वाकून फाळका बघायचे. “आपला न्हाई. चला.” एकदा म्हणाले, “आपला न्हाई, पन थांबवा. ह्येचा तिसरा नट गेलाय.” मी म्हटलं, “फिटर, आपल्याला वेळ नाही!” त्यांनी माझ्या पाठीवर पाना टेकवला. मी थांबलो. त्या अनोळखी ड्रायव्हरला खाली उतरवून, नट दाखवून, तार बांधायला लावून मगच आम्ही पुढं निघालो. एवढा राग मला आयुष्यात क्वचित आला असेल, आणि तो काढायला जागा नव्हती, कारण या सगळ्याचं मूळ मीच होतो.

चढाच्या अलीकडं एका लिंबाखाली मुकादमाचा ट्रॅक्टर पाणी घालायला थांबला होता. मागच्या फाळक्याला टेकून तीन बाया बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर मूल होतं. साळवे गाडी थांबायच्या आत उतरले आणि वाकून बघितलं. सहापैकी दोन नट गेले होते. तिसरा शेवटच्या आट्यावर लोंबत होता.

ड्रायव्हर म्हणाला, “मामा, केजपासून खडखड वाजतंय. मला वाटलं भांडी हायत.”

साळव्यांनी सगळ्यांना खाली उतरवलं. बाया कुरकुरल्या, शेळी उतरायला तयार होईना. त्यांनी डोक्याखाली कानस खुपसून जुने बोल्ट काढले, प्रत्येक भोकाचे कोपरे कानशीनं साफ केले आणि बरणीतले सहा बसवले. तापामुळं जोर पुरत नव्हता, म्हणून पाना दोन्ही हातांनी धरला होता. मी मदतीला पुढं झालो तर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या.” तेवढ्यात मुकादमाचा फोन आला. ड्रायव्हरनं तो मोठ्या आवाजावर लावला. टोळीला उशीर का, म्हणून मुकादम तापले होते.

“चूक कुणाची हाय ही?”

मी तोंड उघडलं.

“माझी,” साळवे म्हणाले. “डोळं झाकून लावले म्या.”

“म्हातारे झालाव फिटर तुमी. पुढल्या साली ट्रॉल्या दुसरीकडं टाकतो.”

“टाका,” साळवे म्हणाले आणि पाचवा नट आवळायला घेतला.

मी उघडलेलं तोंड मिटलं. सगळी टोळी ऐकत होती, आणि माझं दुकान आहे, नाव आहे, असा काहीतरी विचार डोक्यात आला असेल. त्याची मला आजही लाज वाटते. फोन बंद झाल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, “फिटर, चूक माझी होती. तुम्ही पाहून द्या म्हणाला होतात.”

त्यांनी पाना फडक्यानं पुसला. “तुमी दुकानदार, शेठ. तुमचं काम इकायचं. पाह्याचं काम माझं हुतं.”

यापेक्षा त्यांनी चारचौघांत चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मला वाटलं, आता परत निघायचं. तर साळवे चाकावर पाय देऊन ट्रॉलीत चढायला लागले. मी विचारलं, “आता कुठं?”

“चढापस्तोर जातो. नट काय बोलायचं ते पयल्या चढाला बोलतो. ऐकाया पाहिजे.”

“अहो, मी मागून गाडीवर येतोच आहे, बघतो की.”

“गाडीवरनं ऐकू येत न्हाई.”

बाया आपापल्या जागी बसायला लागल्या तसं त्यांनी सगळ्यांना पुढच्या अंगाला सरकवलं, पोरांना, डब्यांना, शेळीलाही. एक म्हातारी म्हणाली, “बाबा, तुमी बी हिकडं या की. तिकडं दणकं बसत्यात.” ते म्हणाले, “बसू द्या.” मग मफलर घट्ट केला आणि मागच्या फाळक्याला पाठ लावून एकटेच बसले.

त्यानंतर मी त्यांना पुष्कळदा पाहिलं. चढाच्या माथ्यावर ते उतरले आणि माझ्या गाडीवर घरी आले. ताप गेला. दुकानात डब्यावर बसून पुन्हा बोल्टही नापास केले. पुढं दवाखान्यात नाकाला नळी लावलेले पाहिले आणि विहारासमोर फुलांखालीही पाहिले. पण त्यांची आठवण आली की मला तो चढच दिसतो. ट्रॅक्टर काळा धूर सोडत रखडत वर निघालेला, दोन्ही ट्रॉल्या मागं कललेल्या. मी पन्नास पावलांवरून मागं चाललेलो. हंडे घरंगळत मागं आले आणि त्यांच्या पायांशी अडले. फाळका सुटला असता तर सगळ्यात आधी तेच रस्त्यावर पडले असते. चढ संपेपर्यंत त्यांनी पाठ फाळक्यावरून उचलली नाही.